गारगोटीतले पाणी

झिओलाइट ही सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या पोकळ सांगाड्याची खनिजे आहेत. सांगाड्यात काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसते. त्यामुळे उरणारा ऋण भार भागवायला कॅल्शियम, सोडियम किंवा पोटॅशियमचे आयन पोकळ्यांत मुक्काम करतात. पाण्याचे रेणूही तिथेच असतात. मावळात या साऱ्यांना एकच नाव आहे, गारगोटी.

मावळातल्याच परंदवडीत एका विहिरीच्या कामात सुरुंगाने कातळ फुटला आणि घमेल्याएवढी पोकळी उघडी पडली. आत फिकट गुलाबी स्टिल्बाइट होते, मधोमध आवळलेल्या भाताच्या पेंढ्यांसारखे. अर्धा तास थांबा, एवढीच विनंती प्रस्तुत लेखकाने केली होती. पिशवी घेऊन परतेपर्यंत दगड डंपरमध्ये भरून क्रशरवर गेलाही. अर्धाच तास! त्या दिवशी दुसरे कोणतेही काम अडणार नव्हते. ती चुटपुट अजून जात नाही. ढिगाऱ्यात बोटभर तुकडा मिळाला, तेवढाच.

त्याचा चुरा परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरला. आधी वरच्या गार काचेवर वाफ धरली, मग थेंब होऊन ओघळली. खाली चकचकीत कण पांढरेफटक पडले. कोरड्या दगडातून पाणी निघाले होते. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी तापवलेला दगड असाच फसफसला, म्हणून त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव ठेवले.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे गरम पाणी झिरपत राहिले. त्याने खडकातली ज्वालामुखी काच विरघळवली, पाणी अल्कधर्मी झाले आणि पोकळ्यांत स्फटिक धरू लागले. बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर, म्हणून इथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट.

प्राचीन तळ्यांत हेच रसायन ज्वालामुखीच्या राखेवर घडले. कॅलिफोर्नियातल्या टेकोपा तळ्याच्या गाळात त्याचे पट्टे दिसतात. काठाशी गोड्या पाण्यात पडलेली राख काचच राहिली. आत, खाऱ्या अल्कधर्मी पाण्यात, तिचे फिलिप्साइट, क्लिनोप्टिलोलाइट व एरिओनाइट झाले. मध्यभागी, क्षार सर्वांत दाट तिथे, झिओलाइटही टिकले नाहीत, त्यांचे पोटॅशियम फेल्डस्पार बनले.

मावळात विहिरीच्या कामावरच्या माणसांना मात्र हा गारगोटीचा दगड नकोसा असतो, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. लोमोंटाइट हे झिओलाइट उघड्या हवेत पाणी सोडते, आक्रसते आणि बोटांनी चुरडण्याइतके ठिसूळ होते. ते भरलेला कातळ उन्हापावसात भुगभुशीत होत जातो. अशा थरात विहिरीचे कडे बांधून काढावेच लागते.