गाडीवाटची जपानी आणि आमची पहिली

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत पोरं जपानी शिकतात, ही बातमी २०२० साली आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आली, तेव्हा तिची टर उडवण्यात मी पुढे होतो. इकडे गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड-एटापल्लीत पोरांना धड मराठी वाचता येईना आणि यांना जपानीचे डोहाळे! कोणी हरकत घेतली नाही. मागे पडलेल्या मुलांचं नाव पुढे केलं की कुठलीही नवी गोष्ट हाणून पाडता येते.

आता माझं मत तसं राहिलेलं नाही.

गाडीवाटला २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारलं होतं, कोणती परदेशी भाषा हवी? रोबोटच्या ओढीने बहुतेकांनी जपानी सांगितली. ना पुस्तक, ना शिकवणारा. व्हिडिओ आणि भाषांतराच्या ॲपवर सुरुवात झाली. पुढे शहरातल्या एका जाणकारांनी फुकट ऑनलाइन तास घेतले, आणि फोन नसलेल्यांना ‘विषयमित्र’ मुलं शिकवू लागली.

भाषाही वाटते तितकी परकी नाही. आ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना हा तिचा वर्णक्रम आपल्याकडच्याच वर्णमालेच्या अभ्यासातून घडला. क्रियापद मराठीसारखं, गोंडीसारखं शेवटी येतं.

पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. गाडीवाटच्या पोराला जपानी येत नाही, हे सगळ्यांना आधीपासून मान्य होतं. चुकलं तर चुकलं. आमच्या पहिलीत येणाऱ्या माडिया पोराला मराठी तितकीच नवी. आम्ही मात्र ती त्याला येतेच असं धरून पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडतो. ते गप्प बसलं की ‘कच्चा’ म्हणून मोकळे. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. घरची भाषा सोडूनच ही मुलं वर्गात येतात. जिल्ह्यात परदेशी भाषा रोज शिकवली जाते, फक्त परदेशी भाषेसारखी शिकवली जात नाही.

त्याच २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या मान्यतेचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा मला तीही हौसच वाटली होती. आज दोन्ही गावं मला एकाच रांगेत दिसतात: कोणती भाषा शिकायची, हे तिथे शिकणाऱ्यांच्या बाजूने ठरलं.

आठवीच्या पोरांनी उद्या जपानी मागितली तर मी आडवा येणार नाही. मात्र पहिलीच्या वर्गावर माडिया बोलणारा शिक्षक त्याआधी हवा. एक शंका अजून आहेच. असे उपक्रम एखाद्या मास्तरच्या उत्साहावर चालतात आणि बदलीचा आदेश निघाला की थांबतात. जपानीतली हिरागाना लिपी काही आठवड्यांत होते, कांजी चिन्हांना वर्षं लागतात. तेवढी वर्षं एक मास्तर भामरागडला टिकवायचा कसा, ते मला सुचलेलं नाही.