डबा, पाटल्या आणि सोन्या मारुती चौक

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ऑफिसात हाफ डे टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पर्सनल’. खरं कारण माझ्या सॅकमध्ये होतं. लॅपटॉपच्या कप्प्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला आजीचा स्टीलचा डबा.

कोथरूडहून मेट्रो पकडली, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि मंडईला उतरले. अख्खा प्रवास सॅक पोटाशी धरून. समोरच्या काकूंना नक्की वाटलं असणार, पोरीच्या पोटात दुखतंय.

आजी, म्हणजे आईची आई, गेल्या वर्षी गेली. आई, मावशी आणि मामा असे तीन वारस. तिघांचंही एका मिनिटात एकमत झालं (आमच्याकडे हा रेकॉर्ड आहे!) की सगळं विकायचं आणि तीन सारखे वाटे करायचे. आईचा वाटा माझ्या फ्लॅटच्या डाउनपेमेंटला. त्यामुळे व्हॅल्युएशनचं काम आपसूक माझ्याकडे आलं. डब्यात एक ठुशी, पाटल्यांची जोडी, एक नथ, चांदीची वाटी, एक तांब्या आणि रुपयांची पुरचुंडी होती. सोबत आजीची वही. तिच्यात तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं : ‘पाटल्या, ४ तोळे. लग्नातल्या.’

तुळशीबागेतून वाट काढत लक्ष्मी रोडला आले. आधी एका चकाचक एसी शोरूममध्ये शिरले. तिथल्या मुलीने गोड हसून पाणी दिलं, दागिने एकेक करून मशीनखाली ठेवले. याला एक्सआरएफ म्हणतात. दागिना वितळवावा लागत नाही, घासावाही लागत नाही. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर टक्केवारी हजर. ठुशी ९१ च्या आसपास, म्हणजे झकास. पाटल्या? ५८.४.

‘‘मॅडम, हे चौदा कॅरेट आहे,’’ ती म्हणाली. आवाज अजून गोडच.

वजन ४६.२ ग्रॅम. म्हणजे बावीस कॅरेट धरून मी मनात जे ४२ ग्रॅम शुद्ध सोनं मोजलं होतं, ते एकदम २७ वर आलं. पंधरा ग्रॅम गायब! बाहेर येऊन आईला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, ‘‘डबा सात वर्षं कुणाकडे होता?’’

डबा मामीकडे होता. कारण आजीही मामीकडेच होती. शेवटची दोन वर्षं आजीचं अंथरुणातलं सगळं मामीने केलं, हे आईलाही माहीत आहे. तरी तिच्या तोंडून ते वाक्य गेलं. आणि खरं सांगू? माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. ठुशी चोख आणि पाटल्याच कशा हलक्या?

म्हटलं, आधी पक्कं करू. बेलबाग चौक ओलांडला, सिटी पोस्ट मागे टाकलं की सोन्या मारुती चौक येतो आणि लक्ष्मी रोडचा मूडच बदलतो. साड्यांचे पुतळे संपतात, सराफी पेढ्या सुरू होतात. वरच्या मजल्यांवर बंगाली कारागीर मान खाली घालून काम करत असतात. खालून जाणाऱ्याला पत्ताही नसतो.

इथे एक फंडा सांगून ठेवते. दागिन्यांची शुद्धता तपासायला विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या दुकानावरच अवलंबून राहायची गरज नाही. बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग सेंटरमध्ये कुणीही सामान्य ग्राहक तपासणी करून रिपोर्ट घेऊ शकतो. २०२२ मध्ये जाहीर झालेला दर चार नगांपर्यंत दोनशे रुपये होता. आणि ‘जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नाही, आता विकता येणार नाही’ ही निव्वळ अफवा आहे. जून २०२१ पासून लागू झालेली सक्ती विकणाऱ्या सराफांवर आहे, आपल्या आजीवर नाही.

सेंटरचा रिपोर्टही तेच म्हणाला : चौदा कॅरेट.

मग मोती चौकाच्या बाजूला आजीच्या माहेरची जुनी पेढी शोधून काढली. गादी, लाकडी पेटी, भिंतीला टेकलेले सत्तरी पार केलेले काका. मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो बघितलाच नाही. पाटली हातात घेतली, कसोटीच्या दगडावर हलकी रेघ ओढली, चष्मा कपाळावर चढवला.

‘‘आजीचं लग्न कधीचं?’’

‘‘चौसष्टचं. का हो काका?’’

‘‘मग बरोबर आहे. हे मोरारजींचं सोनं.’’

मी ढ चेहऱ्याने बघत राहिले. काकांनी चहा सांगितला आणि माझी शाळा घेतली. १९६२ मध्ये चीनचं युद्ध झालं. देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट. सोन्याची मागणी कमी व्हावी म्हणून जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. तेव्हा अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. नियम असा, की नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचाच नाही. किती सोनारांच्या भट्ट्या त्यात विझल्या. १९६६ मध्ये ही अट उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा पार १९९० पर्यंत टिकला.

‘‘ठुशी आईकडून आलेली असणार, जुनी. पाटल्या लग्नात नव्या केलेल्या. तेव्हा सरळमार्गी माणूस चौदाच्याच करायचा. तुझ्या पणजोबांनी कायदा पाळला, एवढंच.’’

‘‘पण त्या बदललेल्या नाहीत कशावरून?’’ मी विचारून टाकलं. विचारताना मामीचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

काकांनी पुरचुंडीकडे बोट केलं. ‘‘राणीछाप आहेत का त्यात? चार दे.’’

त्यांनी जुना दोन पारड्यांचा काटा काढला. एका पारड्यात पाटल्या, दुसऱ्यात व्हिक्टोरियाचे चार रुपये. काटा थोडा हलला आणि जवळजवळ मधोमध थांबला. आपण तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो, ती आजची सोय. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आणि राणीछाप रुपयाचं वजन नेमकं एक तोळा! चार तोळे म्हणजे साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या जरा वर. साठ वर्षांची झीज धरली तर माझ्या ४६.२ शी हिशेब जुळतो.

वहीतलं वजन बरोबर, कॅरेट काळाला धरून, घडणही त्याच काळातली. पेढीच्या पायरीवरून मी आईला फोन केला. ती पुन्हा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘मघाशी मी काही बोललेच नाही असं समज.’’

उरलेलं काम अर्ध्या तासाचं. काकांनी तांब्या उचलून परत ठेवला : जर्मन सिल्व्हर. म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी शून्य. वाटी मात्र खरी. नथीचे मोती त्यांनी वजनात धरू दिले नाहीत. ‘‘सोन्याच्या भावात मोती घालवू नकोस. बसऱ्याचे निघाले तर सोन्यापेक्षा महाग. लॅबमध्ये एक्स-रे करून घे.’’ नथ अजून लॅबमध्येच आहे. माझा जीव तिकडे टांगलेला!

रुपये एका नाणी विकणाऱ्याला दाखवले. १८६२ साल बघून मी लॉटरी लागल्याच्या आनंदात होते. त्याने हवाच काढली. ते साल टाकसाळीने पुढे बरीच वर्षं तसंच छापलं, त्यामुळे ही नाणी ढिगाने सापडतात. १९४७ चा रुपया लोहचुंबकाला चिकटला, कारण तो चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनी’ लिहिलेलं रामदरबाराचं पितळी नाणं तर चक्क बनावट. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं. आणि जे एक-दोन बरे होते, ते आम्ही दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासले होते. संग्राहकाला जुनी काळपट झाक हवी असते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मन लावून किंमत कमी करत होतो.

तुमच्या घरात असा डबा असेल तर नाणी घासू नका. सोनं, मोती आणि नाणी वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा. विकण्याआधी नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून १ एप्रिल २००१ ची किंमतही काढून घ्या. वारशात मिळालं म्हणून टॅक्स नाही, पण विकल्यावर नफ्यावर लागतो, आणि त्या हिशेबाला ही किंमत धरता येते. आणि मशीनचा आकडा ऐकून कुणाला फोन लावण्याआधी दागिना कधी घडवला ते विचारा.

रविवारी सगळे मामाकडे जमलो. ठुशी विकायची ठरली. पाटल्या विकायच्या नाहीत, त्या मामीला द्यायच्या, असं आईनेच सुचवलं. मामी नको नको म्हणत राहिली. मग मावशीने त्या मामाच्या वाट्यात धरल्या, चौदा कॅरेटच्या भावाने. हिशेब तो हिशेब!

माझं डाउनपेमेंट अजून थोडं कमी पडतंय. मामीने पाटल्या त्याच दिवशी हातात घातल्या. आईचं ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. पोचायचंही नाही, कारण ती हे साप्ताहिक वाचत नाही.