केंदळचा निरोप

मराठी वाङ्मयाच्या वर्गात ख्रिस्ती माणूस येतो तो बहुधा दोन दारांनी. पहिले दार फादर स्टीफन्स यांच्या 1616 सालच्या 'ख्रिस्तपुराणा'चे. दुसरे रेव्हरंड टिळकांचे आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'चे. मधला काळ कोश आणि व्याकरणे लिहिणाऱ्या साहेबांच्या नावे जमा होतो. गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा स्वतंत्र इतिहास लिहिला हे खरे. पण परीक्षेच्या दृष्टीने दोनच दारे पुरतात.

जुन्नर-आंबेगाव परिसरात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना या सोयीची सवय होती. 'स्मृतिचित्रे' चालू असताना, मूळच्या राहुरीकडील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, टिळक ख्रिस्ती झाले ते विचाराने, आणि आमचे पणजोबा झाले ते धान्यासाठी, असं का म्हणतात?" वर्गात कोणी हसले नाही.

त्याच्या पणजोबांची गोष्ट राहुरी तालुक्यातील केंदळ या गावाशी जोडलेली. आमच्याकडून तिकडे जायचे तर आळेफाटा ओलांडावा लागतो. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे राहुरीच्या शेजारी. अशा मुलखात, 1876-78 च्या दुष्काळाच्या शेवटी, ओटो वाइसहाउप्ट हे जर्मन जेझुइट धर्मगुरू आले आणि केंदळला कॅथलिक मिशनचे ठाणे पडले. येशूच्या गोष्टी या भागाला अगदी नव्या नव्हत्या. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम त्याआधी कितीतरी वर्षे चालले होते आणि त्यांचे 'ज्ञानोदय' 1842 पासून निघत होते. मात्र कॅथलिकांजवळ या लोकांच्या हाती देण्याजोगे मराठी पुस्तक जवळजवळ नव्हते. 'ख्रिस्तपुराण' होते, पण ते गोव्यात रोमन लिपीत छापलेले. त्याची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघायला 1956 साल उजाडले. त्यामुळे येथला धर्म पुस्तकापेक्षा मुखाने अधिक पसरला. फादर महिन्या-दोन महिन्यांनी घोड्यावरून येणार. रोजची प्रार्थना, शाळा, मर्तिक, भांडणतंटा हे सारे 'मास्तर' पाहणार. हा मास्तर बहुधा त्याच वस्तीतला, पहिल्या पिढीचा साक्षर. वाङ्मयेतिहासात त्याला नाव नाही.

याच केंदळहून फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. नाव किती घरगुती! पत्र नव्हे, दूत नव्हे. गावातला निरोप पोचवणारा माणूस. परक्याने इथल्या भाषेत आपली श्रद्धा नोंदवावी यात आम्हां जुन्नरकरांना नवल वाटू नये. मानमोडीच्या लेण्यात चंद नावाच्या यवनाचा दानलेख आहे, तोही प्राकृतात. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. 1914 च्या महायुद्धात जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना छावण्यांत ठेवले, बहुतेकांना परत पाठवले, आणि मिशनचा भार स्विस जेझुइटांवर आला. डोरिंग यांना 1921 मध्ये जपानात हिरोशिमाला धाडण्यात आले. ते पुण्यात परतले 1927 मध्ये. 'निरोप्या'ने मात्र शंभरी ओलांडली.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने बायबल दिले, हा प्रसंग आपण चवीने सांगतो, आणि तेथून त्यांच्या मनाचा प्रवास सुरू झाला असे मानतो. दुष्काळात दिलेल्या धान्यापासूनही मनाचा प्रवास सुरू होऊ शकतो, हे मानायला आपण तयार नसतो. भुकेला माणूस विचार करत नाही, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. दुष्काळ सरला, धान्य थांबले, तरीही ही कुटुंबे प्रार्थनेला जात राहिली, याचा अर्थ लावणे आपण टाळतो. टिळकांना लिहिता येत होते. महारवाड्यातल्या माणसाच्या वतीने इतरांनीच लिहिले, आणि त्यांतले बरेचसे देणगीदारांना धाडायच्या अहवालांत.

पोटासाठी धर्म बदलला म्हणावे, तर पुढच्या हिशेबात या लोकांनी गमावलेच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यांत जागा मिळाली. ख्रिस्ती बाहेरच राहिले. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि भिंतीवरच्या तसबिरीत दुसरा, अशी घरे त्यामुळेच दिसतात. दाखल्याचा अर्ज भरताना आमच्याच महाविद्यालयांत ही अडचण दरवर्षी उभी राहते. प्राध्यापक म्हणून आम्ही फारसे काही करू शकत नाही.

साखर कारखान्यामुळे वसलेल्या हरेगावात 1949 पासून सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. मारियेला 'माउली' म्हणणे कोणा जर्मन पाद्र्याला सुचले असेल किंवा नसेल. पण ज्यांनी ते म्हटले, त्यांच्या कानांवर तो शब्द वारीच्या वाटेवरून आला होता. नगर जिल्ह्यातून, बाहेरून, ख्रिस्ती नसलेलेही लोक येतात आणि नवस फेडतात.

त्या विद्यार्थ्याने पुढे एम.ए.च्या प्रकल्पासाठी या यात्रेत गायली जाणारी गाणी निवडली. विषय मंजूर करताना प्रश्न आला, की हे 'ख्रिस्ती वाङ्मय' धरायचे की 'लोकसाहित्य'. आम्ही लोकसाहित्यात घातले. तो म्हणाला, आजी ती गाणी दळताना म्हणते, ओव्यांच्या चालीवर.