रॉटरडॅमला अडकलेली हजेरी

बारामतीला बी.कॉम. करत असताना आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धडा सरांनी डेव्हिड रिकार्डोच्या उदाहरणाने सुरू केला. इंग्लंडने कापड विणावे, पोर्तुगालने वाइन करावी आणि दोघांनी आपसात देवाणघेवाण करावी, म्हणजे दोघांचाही फायदा. उदाहरण १८१७ सालचे. ठरावीक वाइन करायला पोर्तुगालमध्ये ८० माणसे लागतात, कापडाला ९०. तेवढ्याच मालाला इंग्लंडमध्ये वाइनसाठी १२० आणि कापडासाठी १००. हे आकडे मी पाठ केले, पेपरात लिहिले, गुणही मिळवले. ती ८० माणसे कोण होती आणि त्यांना मजुरी आठवड्याला मिळत होती की माल विकल्यावर, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. पडायला हवा होता. वाइन द्राक्षांची होते आणि माझी आई तेव्हा इंदापूर तालुक्यात दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला जात होती. तिच्या हजेरीवर माझा एस.टी.चा पास निघत होता.

आमच्या भागात उजनीचे आणि कालव्याचे पाणी आले ते ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या बांधावर. आमच्या वस्तीत जमीन असलेली घरे बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या वाट्याला ऊस आला तो खुरपायला आणि द्राक्षे आली ती छाटायला. ऑक्टोबरची छाटणी, मग घडांची विरळणी, मग एकेक घड जिबरेलिकच्या पाण्यात बुडवायचा. दिवसभर हात वर करून काम. रात्री आईचे खांदे चोळून द्यायचे काम माझ्याकडे असे. बागेत प्यायचे पाणी मालकाच्या घरून यायचे आणि आमच्या बायकांना ते वरून ओंजळीत ओतले जायचे. ही गोष्ट १९९० नंतरची आहे, पेशवाईतली नव्हे.

त्याच वर्षांत देशात खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण सुरू झाले. आपल्या चळवळीतल्या सभांमध्ये त्याला ‘खाउजा’ म्हणत. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या जवळ गेला. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि शेतीमालही तिच्या कराराखाली आला. सभेतले वक्ते सांगत की सरकारी नोकऱ्या घटतील, आणि खाजगी कारखान्याला आरक्षण लागू नाही. ते खरेच होते. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त पुढे इटलीच्या पियाजिओच्या तीनचाकी गाड्या बनू लागल्या, फेरेरोची चॉकलेटे बनू लागली. आमच्या वस्तीतल्या काही पोरांना अशा कारखान्यांत काम मिळाले, काही गेटवरून परत आली. पण बायकांच्या बाबतीत जागतिकीकरण एम.आय.डी.सी.तून आले नाही. ते द्राक्षांच्या पेटीतून आले.

दक्षिण आफ्रिकेचा माल युरोपात संपत येतो आणि इजिप्तचा अजून निघायचा असतो, त्या मधल्या फटीत, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आपली द्राक्षे तिकडे जातात. इंदापूर तालुक्यातली बोरीसारखी गावे काळ्या द्राक्षांसाठी नावाजली. जागोजागी पॅकहाउसे उभी राहिली. अशाच एका पॅकहाउसमध्ये मी २००६ साली क्लार्क म्हणून लागले. हजेरी मांडणे, चलन करणे, पॅकिंग लिस्ट लिहिणे ही माझी कामे. आईलाही तिथेच टेबलावर घेतले. आता हात वर करायचे नव्हते. सावलीत उभे राहून घडातले फुटके मणी कात्रीने काढायचे आणि अर्ध्या किलोच्या डब्यात घड बसवायचे. डोक्याला टोपी, हातात मोजे.

पहिल्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन विचारले, “पाणी कुठनं प्यायचं?” मी नळ दाखवला. एकच नळ होता, सगळ्या जातींच्या बायकांना, शेजारी साबण आणि स्वतंत्र संडास. हे मालकाच्या मनातून आलेले नव्हते. माल युरोपात घालायचा तर ग्लोबलगॅपचे प्रमाणपत्र लागते, आणि तपासायला येणारा माणूस कामगारांचे पाणी, संडास, हात धुण्याची सोय बघतो. आईने त्या नळाचे पाणी प्यायले आणि काही बोलली नाही. मी मात्र घरी येऊन रडले. जागतिकीकरणाविरुद्धच्या मोर्चात मी घोषणा दिलेल्या आहेत आणि पुढेही देईन, पण हा नळ मी विसरू शकत नाही.

आता २०१० सालची गोष्ट. द्राक्षवेलीची फाजील वाढ रोखायला बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे औषध मारत. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या औषधांच्या अंशांची तपासणी व्हायची, त्या यादीत हे नावच नव्हते. सगळे कागद पास होऊन माल बोटीत चढला आणि तिकडच्या प्रयोगशाळांत नापास झाला. एका कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे मावतात. मी हिशेब करून पाहिला: संपूर्ण कंटेनरमध्ये मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा नाही, एवढी ती मर्यादा. त्या पाऊण ग्रॅमवर महाराष्ट्राचे शेकडो कंटेनर अडकले.

आमच्या पॅकहाउसचाही माल रॉटरडॅमला अडकला. आणि त्याबरोबर ४२ बायकांची १७ दिवसांची हजेरी अडकली.

मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचे पहिले दिवस. बाईची हजेरी तेव्हा आमच्याकडे १०० रुपये होती. महिला मंडळाने जयंतीला एकसारख्या पांढऱ्या साड्या घ्यायचे ठरवून दुकानदाराला विसार दिला होता. मालकाने मला सांगितले, “बायकांना सोमवारी यायला सांगा.” मी सांगितले. सोमवारी त्या आल्या, तेव्हा पुढच्या सोमवारचे सांगितले. माझा स्वतःचा पगार महिन्याचा होता आणि तो मला मिळाला होता. मी खुर्चीवर बसून त्यांना सांगत होते की माल पास झाला की पैसे येतील, आणि त्या उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांत माझी आईही होती. तिसऱ्यांदा तेच सांगितले तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, “माल तिकडं अडकला म्हणतीस, मग आमी काय तिकडं गेलतो व्हय? आमी तर हितंच उभ्या व्हतो.” मला उत्तर देता आले नाही. मी रजिस्टरात मान घालून काहीतरी लिहिल्यासारखे केले.

१४ एप्रिल आला. दुकानदाराने साड्या दिल्या नाहीत. बायका आपापल्या जुन्या साड्यांत मिरवणुकीत चालल्या.

बागायतदार बुडाले हे खोटे नाही. एकरी लाखांत खर्च, वर सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज. छोटे बागायतदार रात्र रात्र झोपले नाहीत, हे मी पाहिले आहे. वर्तमानपत्रांत त्यांच्या नुकसानभरपाईच्या मागणीच्या बातम्या येत होत्या आणि ती मागणी रास्तच होती. पण मी वाचलेल्या एकाही बातमीत टेबलावर उभ्या राहिलेल्या बाईच्या मजुरीचा उल्लेख नव्हता. हिशेब साधा होता. ४२ बायका, १७ दिवस, ७१,४०० रुपये. मालकाने त्या वर्षी बांधावर किलोला ४० रुपये दर बोलला होता. त्या दराने एका कंटेनरमधला माल ५ लाख २० हजारांचा. म्हणजे सगळ्या बायकांची मिळून थकबाकी एका कंटेनरच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी होती.

त्या उन्हाळ्यात मी बाबासाहेबांचा ‘रुपयाचा प्रश्न’ वाचायला घेतला. १९२३ साली लंडनमध्ये निघालेला हा ग्रंथ आमच्या विहाराच्या कपाटात होता, पण वाणिज्य शाखेची पदवी असूनही मी तो उघडला नव्हता. बराचसा भाग मला जड गेला, हे कबूल करते. त्यानंतर डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, ती मात्र समजली. तेव्हा वाद असा होता की रुपयाची किंमत १ शिलिंग ४ पेन्स ठेवायची की १ शिलिंग ६ पेन्स. मिलवाल्यांना आणि निर्यातदारांना रुपया स्वस्त हवा होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते हे ठीक, पण तो नफा आकाशातून पडत नाही. बाजारात भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे निर्यातदाराचा फायदा मजुराच्या पोटातून निघतो. देशाचा फायदा म्हणून जे सांगितले जाते, ते एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेले असते. हे वाचून मी पुस्तक मिटवले आणि आमच्या पॅकहाउसचा विचार करू लागले. डॉलर वर गेला की आमचे मालक खूश असत. पण डॉलर वाढला म्हणून हजेरी वाढल्याची नोंद मी एकदाही केली नव्हती. माल अडकला तेव्हा मात्र पहिल्यांदा हजेरीच अडकली. नफ्यात भागीदारी नव्हती, तोट्यात होती.

आता पैसे मिळवायचे तर पुरावा हवा. बायका मुकादमामार्फत यायच्या. हजेरीपत्रकात नुसती पाळण्यातली नावे होती, तीही पेन्सिलीने, आणि ते पत्रक मालकाच्या कपाटात गेले होते. मजुरी वेळेवर देण्याचा १९३६ चा कायदा तेव्हा लागू होता, पण ‘या बाया आमच्याकडे नव्हत्याच’ असे कोणी म्हटले असते तर काय करायचे? तेव्हा माझ्या लक्षात आले की पॅकिंगचे रजिस्टर माझ्याच टेबलावर आहे. युरोपच्या नियमाने प्रत्येक पेटी कुठल्या बागेतली, कुठल्या दिवशी भरली आणि कोणी भरली हे सापडले पाहिजे. म्हणून प्रत्येक बाईला नंबर होता आणि तो पेटीवर पडायचा. आईचा नंबर २३. ज्या बाईचे पूर्ण नाव आमच्या हजेरीत नव्हते, तिचा नंबर रॉटरडॅमपर्यंत जाऊन आला होता.

दोन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत ते रजिस्टर शंभर पानी वहीत उतरवून काढले. चोरी म्हणा हवे तर. संध्याकाळी विहारात बसून एकेका बाईचा नंबर, दिवस आणि रक्कम मांडली. मग आम्ही सगळ्याजणी मालकाकडे गेलो. कायद्याचे नाव काढले तेव्हा ते हसले. मी विचारले, “पुढच्या वर्षी तपासणीला साहेब येतील, त्यांनी बायकांना विचारले तर ही वही दाखवू का?” तेव्हा ते हसायचे थांबले. निम्मे पैसे मेमध्ये मिळाले, उरलेले आषाढात. पुढच्या हंगामाला मला कामावर बोलावणे आले नाही, ते येणारही नव्हते. नंतर मी बारामतीत एका कार्यालयात लागले, तिथेच आहे.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. निर्यातीच्या तपासणीत ते औषध आले, डॉलर ८५ च्या पुढे गेला. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा २०२४ च्या हंगामातले कितीतरी कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेले. भाडे वाढले, दिवस वाढले. आमच्या वस्तीत तेव्हा एका बाईने मला विचारले, “ताई, बोट लांबनं जाती म्हणत्यात, मग आमचं पैसंबी लांबनं येणार का?” तिला मुकादमाने तसेच सांगितले होते.

म्हणून दर वर्षी हंगामाच्या आधी मी पॅकहाउसला जाणाऱ्या बायकांना एकेक छोटी वही देते. तारीख, नंबर, किती पेट्या, एवढेच लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुली लिहितात. यंदा एकोणीसजणींनी वह्या नेल्या. दोघींनी पेनही मागितला. तो मी दिला नाही, दुकानात पाच रुपयांना मिळतो.