चोवीस हप्ते

गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, रिमॅप करायला अर्धा दिवस पुरतो. लॅपटॉप जोडायचा, मूळ प्रोग्राम जपून ठेवायचा, नवा भरायचा, एक चक्कर मारून आकडे तपासायचे. सोबत मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट आणि जास्त हवा घेणारा इनटेक बसवायचा म्हटलं तर संध्याकाळ होते. या एका दिवसासाठी काढलेलं कर्ज मात्र दोन वर्षं चालतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत सुरू झालेला हप्ता शेवटचं वर्ष, कॅम्पस मुलाखती आणि निकाल ओलांडून नोकरीतल्या पहिल्या दिवाळीपर्यंत सोबत येतो. विद्यार्थ्याने गाडीची ताकद वाढवण्यासाठी कर्ज काढावं का, हा प्रश्न बहुतेक वेळा गाडीच्या बाजूने विचारला जातो: किती बीएचपी वाढतील, आवाज कसा येईल, कोणता ट्यूनर चांगला. तो हप्त्याच्या बाजूने विचारायला हवा असं मला वाटतं. माझं उत्तर ‘काढू नये’ असं आहे. वेगाची आवड वाईट म्हणून नव्हे. ती आवड मला समजते आणि तिचा मान राखूनच हे लिहितो आहे.

आधी हिशेब. समजा साठ हजार रुपये घेतले, व्याज वर्षाला २४ टक्के, मुदत २४ महिने. स्वतःचं उत्पन्न नसलेल्याला विनातारण कर्ज देताना सावकार, मग तो अ‍ॅपमधला का असेना, स्वस्तात देत नाही, त्यामुळे हा दर अवास्तव नाही. हप्ता येतो सुमारे ३,१७२ रुपये. पहिल्या हप्त्यातले १,२०० रुपये निव्वळ व्याजाचे. वर्षभर एकही हप्ता न चुकवता ३८ हजार भरून झाले, तरी तेराव्या महिन्याच्या तोंडावर साडेतेहतीस हजारांचं मुद्दल शिल्लकच असतं. शेवटी एकूण ७६ हजारांच्या वर रक्कम जाते. याहून फसवा प्रकार ‘फ्लॅट’ दराचा. फ्लॅट १२ टक्के हे ऐकायला निम्मं वाटतं. पण तिथे फेडून झालेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागतं. त्याच साठ हजारांवर हप्ता ३,१०० येतो, म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर कर्जदाराला आधी दाखवायचा आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्ज परत करू द्यायचं, हे आता बंधनकारक आहे. ते पत्रक वाचावं. पण चांगलं वाचलेलं पत्रकही हप्ता कमी करत नाही.

या ७६ हजारांत गाडीला काय मिळतं? टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला रिमॅपने फारच थोडं मिळतं. तिथे एक्झॉस्टचा मोठा भाग आवाजातच जातो. टर्बो गाडीत फरक खरा असतो. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तरी तिच्यावर जीव असणारी मुलं पुण्यात आजही पुष्कळ आहेत. तिचं एक लिटरचं टीएसआय इंजिन मूळचं ११० पीएसचं. अशा इंजिनात टर्बोचा दाब वाढवून वीस टक्क्यांच्या आसपास ताकद वाढवता येते, ती सीटवर बसून जाणवतेही. पण हवेचा विरोध कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणून वीस टक्के जास्त ताकदीने कमाल वेग सहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो. उलट बाजूने ताशी १०० ऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीत ४४ टक्के जास्त ऊर्जा साठलेली असते, आणि ती सगळी ब्रेकना उष्णता करून टाकावी लागते. ब्रेक मात्र जुनेच असतात. कंपनीने जी ताकद बांधून ठेवलेली असते ती आळसाने नव्हे; खराब इंधन, नागपूरचा मे महिना, चढणीला भरलेली गाडी, लाखभर किलोमीटरचं आयुष्य या सगळ्यांसाठी ती राखीव असते. ती राखीव गंगाजळी मोडली की आधी क्लच घसरू लागतो, मग टायर अपुरे वाटतात, मग ब्रेक पॅड. एक सुटा भाग पुढच्या भागाची मागणी करतो. रोख पैशाने हौस करणारा इथे थांबू शकतो. कर्जावर करणाऱ्याला थांबणं जड जातं, कारण अर्धवट गाडीचा हप्ताही पूर्णच असतो.

त्यात कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिनावरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. पोलिसांनी एक्झॉस्ट उतरवायला लावला तर तो उतरतो. हप्ता उतरत नाही. विकायला काढलेल्या गाडीत या भागांचे पैसे क्वचितच वसूल होतात, उलट सावध गिऱ्हाईक अशा गाडीपासून लांब राहतं.

‘नोकरी लागणारच आहे, तेव्हा फेडू’ हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते बेजबाबदार नाही, त्यात आत्मविश्वास आहे. पण शैक्षणिक कर्जाची रचना पाहा. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर काही काळ मुद्दल फेडायला सवलत असते, व्याजावर आयकर कायद्यात वजावट असते. विद्यार्थ्याला आज उत्पन्न नाही हे त्या कर्जाने गृहीत धरलेलं असतं. वैयक्तिक कर्जाला ते मान्यच नसतं. त्याचा पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात येतो आणि तो मेसच्या पैशातून, शिकवण्या घेऊन किंवा घरून जातो. सहकर्जदार म्हणून आईवडिलांची सही असेल तर चुकलेला हप्ता त्यांच्याही सिबिलवर उमटतो. उद्या बहिणीच्या शिक्षणासाठी त्यांना कर्ज लागलं तर ती नोंद समोर येते. मग नोकरी लागते. कंपनी बेंगळुरूला बोलावते, गाडी सोलापूरला घरी राहते, हप्ता खात्यातून जात राहतो. अशा वेळी कमी पगाराची पण शिकवणारी नोकरी, सहा महिन्यांची इंटर्नशिप, गेटचा एक जास्तीचा प्रयत्न, या वाटा ३,१७२ रुपयांनी अरुंद होतात. रक्कम लहान दिसते. पण बाविसाव्या वर्षी माणसाकडे बचत नसते, फक्त वेळ आणि नाही म्हणण्याची मुभा असते, आणि हप्ता नेमका त्यावरच बसतो.

कर्जाने सिबिलचा आकडा घडतो, असंही म्हणतात. घडतो. पण त्यासाठी २४ टक्क्यांचं कर्ज लागत नाही; मुदत ठेवीवर मिळणारं लहान मर्यादेचं क्रेडिट कार्ड दर महिन्याला पूर्ण फेडलं तरी तेच काम होतं. ‘यातून इंजिन शिकतो’ हा दावा मला जास्त वजनदार वाटतो, कारण हात काळे करून शिकलेलं खरंच टिकतं. मात्र रिमॅपमध्ये शिकतो तो ट्यूनर. मालक पैसे देतो आणि फाइल घेऊन घरी येतो. देशभरातले विद्यार्थी संघ फॉर्म्युला भारत आणि बाहा एसएईइंडियासाठी स्वतः गाड्या बांधतात. फॉर्म्युला भारतसारख्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांच्या नियमांत इंजिन ७१० सीसीपर्यंतचं असतं आणि पेट्रोल गाडीत सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यायची असते. बाहाच्या स्पर्धेत वर्षानुवर्षं सगळ्या संघांना एकसारखंच, दहा अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन दिलं गेलं आणि त्याला हात लावायला बंदी होती. ताकद अशी बांधून टाकल्यावर मुलांना वजन, सस्पेन्शन, गिअरिंग, टायरची पकड यांतून वेग काढावा लागतो. वाहनशास्त्र तिथे शिकायला मिळतं, आणि पैसा प्रायोजकांकडून आणि कॉलेजकडून उभा करणं हाही त्या शिक्षणाचाच भाग असतो.

एक अपवाद मी मनापासून करतो. घासलेले टायर, निकामी होत चाललेले ब्रेक, गळका शॉकअब्सॉर्बर यांसाठी घरून उसने घ्यावे लागले तर घ्यावेत, किंवा ते होईपर्यंत गाडी उभी ठेवावी. तो खर्च ताकदीचा नाही.

राहतो तो सगळ्यात कठीण आक्षेप: विसावं वर्ष परत येत नाही. चाळिशीत ईएमआयविना घेतलेली गाडी त्या वयातल्या गाडीसारखी लागणार नाही, हे खरं आहे आणि कुठलाही तक्ता ते खोडू शकत नाही. म्हणूनच त्या वर्षांत वेग भोगावा असंच मी म्हणेन, पण जिथे तो मोकळा आहे तिथे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी. मूळची पोलोही ती सहज गाठते, मग वाढवलेले वीस पीएस वापरायचे कुठे? कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. कार्टमध्ये बूड जमिनीपासून वीतभर वर असतं, स्टिअरिंगला पॉवर नसते, आणि एका वळणावर ब्रेक उशिरा लावल्याचा हिशेब पुढच्याच क्षणी मिळतो. चार मित्रांनी महिन्याचे पैसे साठवून रात्रीच्या एसटीने कोल्हापूरला जावं, सकाळी हेल्मेट घालावं, दुपारपर्यंत हात भरून यावेत. परतीच्या वाटेवर कोणाचा फेरा किती सेकंदांनी कमी झाला यावर वाद घालत यावं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून काहीही जाणार नसतं.