आमच्याकडे हे होत नाही

श्रीपेरुंबुदूरच्या आसपास दिव्यांगांसाठी काम करणारं कोणी नाही, अशी तक्रार मला कधी करता आली नाही. कांचीपुरमकडे विशेष शाळा आहेत. चेन्नईत तर मोठी नावं आहेत: मुंबईच्या 'स्पॅस्टिक्स सोसायटी'चंच नाव घेऊन १९८५ मध्ये मद्रासला सुरू झालेली आणि पुढे 'विद्यासागर' झालेली संस्था, मानसिक आजारांसाठी 'स्कार्फ', रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी १९९३ मध्ये उभी राहिलेली 'द बॅनियन', आणि समुद्राकाठी मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था. पण ओरगडमच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जाणाऱ्या बाईला यातलं काही दिसत नाही. तिच्या कडेवर तीन वर्षांचं मूल असतं, अजून मान न धरणारं, आणि हातात कोणीतरी सांगितलेला पत्ता. मुट्टुकाडू रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. बस बदलायची, एका दिवसाचा खाडा. पोचल्यावर कळतं, थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा यावं लागेल. ती पुन्हा येत नाही आणि संस्थेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'पालकांचं सहकार्य नाही' असा शेरा पडतो.

माझं काम अशा दोन रजिस्टरांच्या मधलं. शिक्षणाने मी स्पेशल एज्युकेटर, पुण्यातली. नवऱ्याची नोकरी चाकणहून इकडच्या पट्ट्यात आली तशी मीही आले, आणि वर्ग घेण्याइतकं तमिळ येत नसल्यामुळे संस्था एकमेकींना जोडण्याच्या कामाकडे वळले. तमिळ कच्चं असण्याचा इथे उपयोगच झाला. मी कुठल्याच संस्थेची वाटत नाही, शिवाय न कळल्यासारखं करून तोच प्रश्न दोनदा विचारता येतो.

'तुम्ही काय काय करता?' हा प्रश्न मी सोडून दिलाय. त्याला माहितीपत्रक मिळतं, चहा मिळतो, फोटोंचा अल्बम मिळतो. त्याऐवजी विचारते, 'तुमच्याकडून कोणाला परत पाठवावं लागतं?' आधी सगळे म्हणतात, कोणालाच नाही. मग हळूहळू निघतं. फिट येणाऱ्या मुलाला बसमध्ये घेत नाही, कारण सोबत नर्स नाही. अठरा पूर्ण झालेल्यांना घेत नाही. शी-शूचं भान नसलेल्यांना घेत नाही. ऐकू येत नाही आणि दिसतही नाही अशी मुलगी आली होती, तिला दोन्हीकडच्या शाळांनी एकमेकींकडे पाठवलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. संस्था मात्र बहुतेक एकेका प्रकाराच्या नावाने उभ्या राहिल्या आणि त्याच नावाने निधी मागत राहिल्या. दोन नावांच्या मधे पडणारं माणूस कोणाच्याच अहवालात येत नाही.

म्हणून जोडलेल्या संस्थांच्या आमच्या सामायिक तक्त्यातला पहिला रकाना 'आमच्याकडे हे होत नाही' असा आहे. तो भरून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. देणगीदारासमोर कायम सगळं होतं म्हणण्याची सवय लागलेल्या माणसाला शेजारच्या संस्थेसमोर नाही म्हणणं जड जातं. पण तो भरला की बाकीचे रकाने आपोआप पुढे सरकतात: कोणत्या वारी काय चालतं, किती जण थांबलेत, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का, फोन कोण उचलतं. फोनच्या रकान्यात पद चालत नाही, माणसाचं नाव लागतं.

मग चिठ्ठी. पाठवणाऱ्याने आधी फोन करायचा, मगच पालकाच्या हातात चिठ्ठी द्यायची. आणि ज्यांच्याकडे माणूस गेलं त्यांनी पंधरा दिवसांत एक ओळ परत कळवायची. आले, आले नाहीत, किंवा आमच्याकडे बसत नाहीत. एवढंच. हे इतकं साधं आहे की त्याच्यावर परिषदेत निबंध वाचता येत नाही. तरी मी बघितलेली बरीच 'नेटवर्क्स' नेमकी इथेच संपतात: उद्घाटन झालेलं असतं, बोधचिन्ह ठरलेलं असतं, व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी सुविचार येत असतात, आणि गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते कोणालाच ठाऊक नसतं.

श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. गुरूने गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुकोष्टियूरच्या मंदिरावर चढून सगळ्यांना ऐकवला, अशी कथा इथला रिक्षावालाही सांगतो. आमच्या बैठकीत एका संस्थाचालकांनी ती सांगितली आणि म्हणाले, आपणही सगळी माहिती अशीच खुली करू. मी अर्ध्याला मान हलवली. जागा किती रिकाम्या आहेत, साहित्य कोणाकडे पडून आहे, हे गोपुरावरून ओरडा. पण मुलीची फाइल, तिचं निदान, घरचा पत्ता पालकांना विचारल्याशिवाय एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाता कामा नये. गंमत अशी की संस्थांचा कल नेमका उलटा असतो. रिकाम्या जागा गुपित आणि मुलांचे फोटो फलकावर!

पैशाचं गणितही जोडकामाच्या विरोधात जातं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक उलाढाल किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. इरुंगाट्टुकोट्टैपासून ओरगडमपर्यंत कारखानेच कारखाने, तेव्हा पैसा नाही असं नाही. पण त्यातून व्हीलचेअर येतात, गाड्या येतात, पाटी लावता येईल असं काहीही येतं. फोन करणाऱ्या, पाठपुरावा करणाऱ्या बाईचा पगार त्यात बसवायला घाम फुटतो. परदेशी निधीची वाट तर २०२० च्या सप्टेंबरमध्ये एफसीआरए कायद्यातल्या दुरुस्तीने आणखी अरुंद झाली. त्याआधी शहरातली मोठी संस्था तो निधी नियमांत राहून तालुक्यातल्या लहान संस्थेला देऊ शकत होती. आता देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. गैरव्यवहार रोखायला हे केलं असं सांगितलं गेलं. गावातली स्वयंसेविका कुणाच्या हिशेबात नव्हती.

त्यात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कांचीपुरम जिल्ह्यातून चेंगलपट्टू वेगळा झाला. मुट्टुकाडू तिकडे गेलं, श्रीपेरुंबुदूर इकडेच राहिलं. दर सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकतात, आपल्याकडच्या लोकशाही दिनासारखं. पालकत्वाचा अर्ज घेऊन तिथे गेलेल्या म्हाताऱ्या आईबापांना एकदम कळलं की आपला कलेक्टर बदलला. पालकत्व ठरवणारी, राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक समिती जिल्ह्यागणिक असते; संस्थांचे लागेबांधे जिल्ह्याच्या रेषेने चालत नाहीत.

लोक विचारतात, मग हक्कांसाठी सगळे एकत्र येतात ते कसं जमतं? १९९५ च्या डिसेंबरात दिल्लीत रस्त्यावर उतरल्यावर कायदा झालाच की. चेन्नईतही मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअर पाण्यापर्यंत जावी म्हणून दिव्यांग गटांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात लाकडी वाट तयार झाली. दोन आठवड्यांतच 'मँडस' चक्रीवादळाने तिची मोडतोड केली, ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. ही मोठी कामं आहेत. पण तिथे मागणी एक असते आणि समोर सरकार असतं. सेवा देणाऱ्या संस्था जोडायच्या तर समोर बसलेलाच उद्या त्याच कंपनीकडे तोच प्रस्ताव घेऊन जाणार असतो. माझ्या मते हे काम जास्त अवघड आहे, आणि त्याचा मोर्चा निघत नाही.

बैठकीचे काही नियम मात्र आम्ही कडक ठेवलेत. मोठ्या संस्थेत बैठक नाही, नाहीतर यजमानच अध्यक्ष होतो. सांकेतिक भाषेचा दुभाषा आला नाही तर बैठक पुढे ढकलायची, मग कोणी लांबून आलेलं असो. सोबत्याचं बसभाडं वेगळं. आणि निम्म्या खुर्च्या दिव्यांगांच्या आणि पालकांच्या. संस्थांचे पदाधिकारी उरलेल्यांत. यावरून एकदा बरीच खडाजंगी झाली, दोन संस्था बाहेर पडल्या, त्यातली एक परत आली.

तक्त्यात आज सगळ्यात मोकळा रकाना आहे तो चाळिशीच्या पुढच्यांचा. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा पंचेचाळिसाचा, आई सत्तरीची, वडील गेलेले. रविवारी दोन तास नव्हे, आई रुग्णालयात असेल तेव्हा आठ दिवस त्याला कोण ठेवेल? मागच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: आमच्याकडे हे होत नाही. मग कांचीपुरमकडच्या एका छोट्या वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, खाट आहे, रात्रीचा माणूस नाही. दुसऱ्या संस्थेकडे रात्रीचा माणूस आहे, खाट नाही. त्याचा पगार कोणी द्यायचा आणि रात्री काही झालं तर जबाबदारी कोणाची, यावर पुढची बैठक आहे.