मधली सुट्टी कुणी पळवली?

मराठीतला सगळ्यात गोड शब्द कोणता? 'पगार' म्हणत असाल, तर तुम्ही नक्की महिनाअखेरीला हे वाचताय. माझं मत मात्र 'मधली सुट्टी'ला! घंटा झाली की डबा पाच मिनिटांत फस्त आणि उरलेला सगळा वेळ आपल्या बापाचा. पकडापकडी, डबा ऐसपैस, नाहीतर नुसती भांडणं.

याच सुट्टीवर डिस्नेनं एक अख्खं कार्टून काढलं होतं, 'रिसेस'. अमेरिकेत एबीसी चॅनलवर १९९७ च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि २००१ पर्यंत चाललं. थर्ड स्ट्रीट स्कूल, चौथीतली सहा पोरं आणि त्यांचं मैदान. पहिल्याच भागात त्यांचा म्होरक्या टी.जे. पकडला जातो आणि शिक्षा काय, तर सुट्टीत आत बसायचं. मग काय, तुरुंग फोडावा तशी दोस्तमंडळी त्याला सोडवायला निघतात. एकदम धमाल!

एका रविवारी तिसरीतल्या भाच्याला हे दाखवलं. मी खो-खो हसतेय आणि हा गप्प. म्हणाला, "मावशी, त्याची एकट्याचीच गेली ना? आमच्या सगळ्या वर्गाची गेलीय."

चौकशी केल्यावर कळलं ते असं. पोर्शन पूर्ण व्हायचाय म्हणून पीटीचे तास गणिताला दिलेत. शिवाय ज्याची वही अपुरी, त्यानं ती मधल्या सुट्टीत वर्गात बसून पूर्ण करायची. आणि तिसरीत वही कुणाची पूर्ण असते हो?

ताईला म्हटलं, "तू काही बोलली नाहीस शाळेत?"

"अगं, वही तरी पूर्ण होतेय. आणि तू कुठे जातेस सुट्टीला? डेस्कवरच डबा खातेस ना, एक हात माऊसवर ठेवून?"

बोलती बंद! पण मिनिटभरानं सुचलं. "ताई, मी एकोणतीस वर्षांची आहे आणि मला त्याचा पगार मिळतो. तो आठ वर्षांचा आहे."

त्या रात्री जरा वाचत बसले. कार्टून आलं तेव्हा अमेरिकेत खरंच हे चाललं होतं. मार्क वाढावेत म्हणून अटलांटाच्या सरकारी शाळांनी १९९० च्या दशकात मधली सुट्टीच काढून टाकली. तिथं मैदानच नसलेली नवी शाळा बांधल्याची बातमी १९९८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापली होती. पुढे २००१ मध्ये 'रिसेस'वर सिनेमा आला. त्यातला व्हिलन मुलांचे मार्क वाढावेत म्हणून चंद्रच जागेवरून हलवायला निघतो. म्हणजे कायमचा हिवाळा आणि उन्हाळ्याची सुट्टी खल्लास! तेव्हा लोक हसले असतील. पण अटलांटातल्या पोरांना ते किती विनोदी वाटलं असेल, कुणास ठाऊक.

मग २०१३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, स्पष्ट सांगितलं की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी काढून घेऊ नये. सुट्टीनंतर मुलांचं वर्गात लक्ष जास्त लागतं. भांडण मिटवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे ती तिथंच शिकतात. आणि पीटीचा तास म्हणजे सुट्टी नव्हे. एकात सर सांगतील ते करायचं, दुसरीत आपल्या मनाचं. मुलांना दोन्ही हवं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. छानच! पण नुसतं मैदान असून काय उपयोग? तिथं जायला वेळही द्यावा लागतो ना.

हे सगळं मी ताईला मेल केलं. तिनं उत्तर दिलं नाही. शनिवारच्या पालकसभेत मात्र तीच उभी राहिली. "गणित हवंच आहे मॅडम, पण सुट्टीत नको," एवढंच म्हणाली. मागून आणखी चार आया बोलल्या. एका बाबांनी मार्कांची काळजी काढली, त्यावर बराच वाद झाला. शेवटी अपुरी वही घरी पूर्ण करायची असं ठरलं. पीटीचा एक तास परत मिळाला, दुसरा अजून गणिताकडेच आहे. ताई पुढच्या सभेची वाट बघतेय.

आणि मी? डबा घेऊन खालच्या झाडाखाली जाते. पहिल्या दिवशी एकटीच होते, आता आम्ही तिघी आहोत.

तुमच्या घरात कुणी तिसरी-चौथीतलं असेल, तर आज मार्क विचारू नका. "सुट्टीत काय खेळलास?" एवढंच विचारा. "वही पूर्ण केली," असं उत्तर आलं, तर पुढची पालकसभा चुकवू नका.